सोमिलने न फुंकलेला शंख

पूर्वी काशी नगरीत महासेन राजाची सत्ता असताना बोधिसत्त्वाने विणकरांच्या आळीत जन्म घेतला. त्याचे नाव सोमिल. मागाच्या पावड्यांवर त्याचे पाय चपळ होतेच, पण चेंडूवर ते त्याहून चपळ चालत.

दर हिवाळ्यात गंगेच्या वाळवंटात विणकर आणि तांबट यांच्यात चेंडूचा सामना होई. चिंध्या भरून कातड्यात शिवलेला चेंडू पायाने ढकलत समोरच्या दोन बांबूंमधून न्यायचा, हात लावायचा नाही, एवढाच खेळ. पण वीस गडी एका चेंडूमागे धावणार म्हटल्यावर अंगाला अंग लागणारच. ते किती लागू द्यायचे, हे पंच ठरवी. त्यासाठी एक रीत होती. सामन्याआधी दोन्ही बाजूंचे म्होरके पंचाला खांद्याने एकेक धक्का देत. जेवढ्या धक्क्याला पंचाचे पाऊल हलत नसे, तेवढा धक्का त्या दिवशी चाले. त्याहून जास्त दिसला की पंचाने शंख फुंकून खेळ थांबवायचा.

दहा वर्षे सोमिलने हे वाळवंट गाजवले. मग एका सामन्यात एका तांबटाने त्याला असे उडवले की त्याचा उजवा गुडघा मोडला. त्या दिवशीचा पंच रेड्यासारखा दांडगा होता, कोणत्याच धक्क्याने त्याचे पाऊल हलले नव्हते. म्हणून शंख वाजलाच नाही. सोमिलचा खेळ सुटला आणि पावड्या दाबता येईनात म्हणून मागही सुटला. राजाला त्याची दया आली. त्याने सोमिलला पंच नेमले आणि सांगितले, "तुम्ही लंगडे, तुम्हाला धक्क्याची रीत माफ. नजरेनेच मोजा."

पुढे विणकरांच्या आळीत चारुक नावाचा एक तरुण पुढे आला. डावीकडे झुकायचे आणि उजवीकडून निसटायचे, ही सोमिलची युक्ती त्याने लहानपणी काठावर बसून पाहून पाहून उचलली होती. आता ती त्याच्या पायात सोमिलपेक्षाही देखणी दिसे. लोक बोलत, "सोमिल होता खरा, पण चारुक तो चारुकच!"

हे बोल सोमिलच्या कानात तापल्या तेलासारखे पडत. बोधिसत्त्व झाला म्हणून काय झाले, मत्सराने त्याला तरी कुठे सोडले होते? चारुक रस्त्यात वाकून नमस्कार करी, आणि सोमिलला त्याचे ते न दुखता वाकणारे गुडघेच दिसत. त्याला जेवण गोड लागेना. आपले उरलेले आयुष्य हा पोरगा आपल्या डोळ्यांदेखत जगतो आहे, असे त्याला वाटे.

त्या वर्षीच्या सामन्यात तांबटांचा म्होरक्या होता कंसक. घण मारून मारून त्याचे खांदे उखळासारखे झाले होते. चारुक चेंडू घेऊन निघाला तसा कंसकने त्याला बाजूने हाणले. चारुक वाळूत लोळला. सोमिलने शंख ओठाशी नेला आणि तसाच खाली घेतला. 'एवढे चालायचेच,' तो मनाशी म्हणाला.

कंसक वाईट नव्हता. पहिल्या धक्क्याला शंख वाजला नाही म्हणून दुसरा त्याने थोडा जोरात दिला. दुसऱ्यालाही वाजला नाही, तेव्हा तिसरा पाठीमागून दिला. आणि गंमत अशी की काठावरचे लोक सोमिलचीच वाहवा करू लागले. "पाहा, स्वतःच्या आळीतल्या गड्यालासुद्धा सूट नाही. याला म्हणायचे निःपक्षपाती पंच!" सोमिलला ते ऐकून बरे वाटले. आपण न्यायच करतो आहोत, असे क्षणभर त्यालाही पटले.

चौथ्या वेळी चारुकने ती युक्ती केली. डावीकडे झुकला, उजवीकडून निसटला, पुढे मोकळी वाळू आणि दोन बांबू. कंसकने धावत येऊन सगळ्या अंगाचा भार त्याच्या पायावर घातला. चारुक ओरडला आणि उजवा गुडघा दोन्ही हातांनी धरून पडून राहिला. सगळे पंचाकडे पाहू लागले. शंख सोमिलच्या हातात होता. त्याचा जळणारा जीव क्षणभर थंडावला, आणि तो कशाने थंडावला हे त्याला नेमके कळले.

तो लंगडत चारुकजवळ गेला. आता हा आपल्याला शिव्या देईल, असे त्याला वाटले. देईल तर बरे, असेही वाटले. चारुकच्या डोळ्यांत वेदनेने पाणी आले होते. तो म्हणाला, "काका, माझंच काही चुकलं असणार. कंसकचा दोष असता तर तुम्ही शंख फुंकला असता. तुम्हाला हा खेळ माहीत आहे."

सोमिलला वाळूत तोंड लपवावेसे वाटले. दहा वर्षांपूर्वी तो असाच पडला होता, फक्त तेव्हाच्या पंचावर त्याचा एवढा विश्वास नव्हता.

त्याने शंख फुंकला. मग काठी टाकून दिली आणि वाळूत दोन्ही पाय रोवून उभा राहिला. "कंसक, आत्ता याला दिलास तसाच धक्का मला दे."

"अहो, काय बोलताय!" कंसक मागे सरला. "तुम्ही पडाल."

"पंचाने धक्का अंगावर घ्यायची रीत आहे. मी इतकी वर्षे ती चुकवली. दे."

कंसक नको नको म्हणत होता. शेवटी त्याने खांदा लावला, तोही निम्म्याच जोराने. सोमिल उताणा पडला आणि त्याचा मोडका गुडघा पुन्हा ठणकला. तिथूनच, पडल्यापडल्या, तो सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाला, "इतका चालणार नाही. आजच्या धक्क्यांतला पहिलाही चालायला नको होता. मी न्याय करत नव्हतो, लोकहो. मी जळत होतो. या पोराचे पाय मला पाहवत नव्हते."

चारुकने तोंड फिरवले. राजाने सोमिलकडून शंख काढून घेतला, आणि ते योग्यच होते.

चारुकचा गुडघा मोडला नव्हता, नुसता मुरगळला होता. महिनाभर सोमिल रोज त्याच्या घरी जाऊन तेल चोळी. पहिले आठ दिवस चारुक त्याच्याशी एक शब्द बोलला नाही. नवव्या दिवशी त्याने विचारले, "काका, निसटताना तुम्ही टाच आधी टेकवायचा की चवडा?" सोमिलने त्याला ते सांगितले, आणि न विचारलेले आणखीही पुष्कळ सांगितले. पुढच्या हिवाळ्यात चारुक त्याच युक्तीने बांबूंमधून चेंडू घेऊन गेला, तेव्हा काठावर सर्वांत मोठ्याने सोमिल ओरडला. त्या वर्षापासून धक्का पंचाच्या अंगावर मोजणे बंद झाले. दोन्ही बाजूंतला सर्वांत हडकुळा गडी पुढे करून त्याच्या अंगावर तो मोजू लागले.

कित्येक जन्मांनंतर जेतवन विहारात शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा भद्रिल नावाच्या भिक्खूसाठी सांगितली. एका नव्या भिक्खूच्या प्रवचनाला गर्दी होते, हे पाहून भद्रिलचा जळफळाट होत असे. कथा ऐकताना तो मान खाली घालून बसला होता. शास्त्यांनी सोमिलला बोधिसत्त्व म्हटले नव्हते, आणि कथेतले कोण आज कोण आहे हे ते शेवटी सांगत; म्हणून मत्सरी पंचाच्या जागी आता आपलेच नाव येणार, असे तो धरून चालला होता.

शास्ते म्हणाले, "तेव्हाचा महासेन राजा म्हणजे आजचा भिक्खू आनंद. चारुक म्हणजे तो नवा भिक्खू. मला धक्का देऊन शुद्धीवर आणणारा कंसक म्हणजे तू, भद्रिल. आणि शंख हातात असून न फुंकणारा सोमिल, तो मीच होतो."

भद्रिलने मान वर केली.

"दुसऱ्याच्या सुखाने सुखावणे, याला मुदिता म्हणतात," शास्ते म्हणाले. "मला ती वाळूत उताणे पडल्यावर शिकता आली."