ठकूताईच्या नव्वद लाल इच्छा

डोंगर जिथे गुडघे टेकून ओढ्याचं पाणी पितो, तिथे बुरडांची एक वाडी होती. सहाच घरं. प्रत्येक घरापुढे हिरव्यागार बांबूंचा ढीग, आणि दिवसभर चर्र चर्र पट्ट्या सोलल्याचा आवाज. शेवटच्या घरात केरू राहायचा. केरू आठ वर्षांचा, त्याची बहीण ठकू बारा वर्षांची, आणि त्यांची आई. वडील नव्हते.

घर फार गरीब होतं. टोपल्या विकल्या तर भाकरी, नाही विकल्या तर गुळाचा कोरा चहा. चहा प्यायला की पोट थोडा वेळ गप्प बसतं. केरूला त्याचं काही वाटायचं नाही. त्याला ठकूताई होती ना! ठकूताई टोपली विणायला बसली की तिची बोटं चिमण्यांनी दाणे टिपावेत तशी टिपटिप उड्या मारायची. विणता विणता ती गाणी जुळवायची. केरूच्या नाकावर गाणं, केरूच्या फाटक्या चड्डीवर गाणं. आणि शर्यत लावली की त्याला हरवून वर जीभ दाखवायची.

मग त्या वर्षी काय झालं कुणास ठाऊक, ठकूताईचा रंग उडायला लागला. आधी गालांचा गेला, मग ओठांचा, मग नखांचा. उंबरा ओलांडला तरी तिला धाप लागायची. टोपली अर्धी विणून ती भिंतीला टेकायची आणि डोळे मिटायची. गाणी थांबली. घर असं झालं की आई भांडीसुद्धा आवाज न करता ठेवायची.

एक दिवस दवाखान्याच्या शालनताई सायकलवरून आल्या. त्यांनी ठकूताईच्या डोळ्याची खालची पापणी बोटाने ओढून बघितली. आतून लाल असायला हवी, ती जुईच्या पाकळीसारखी पांढरी होती.

"रक्त कमी झालंय पोरीचं," शालनताई म्हणाल्या. "घाबरायचं नाही, पण हयगयही करायची नाही. या लोहाच्या नव्वद गोळ्या. रोज एक, दुपारच्या जेवणानंतर, पाण्याबरोबर. महिन्याने मी परत येते."

गोळ्या लाल चुटूक होत्या, गुंजेसारख्या. पण ठकूताईने पहिली जिभेला लावली आणि थू थू करत परत ठेवून दिली. "शी! खिळा चाटल्यासारखी लागते. मी नाही घेणार."

आई रागावली, मग रडली, मग तिने गोळ्या डब्यात घालून फळीवर ठेवल्या. डबा तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी केरू बांबूच्या पट्ट्या भिजवायला ओढ्यावर गेला. भिजलेली पट्टी मऊ होते, हवी तशी वळते. ओढ्याकाठी एक शेवगा होता. दारात शेवगा नको म्हणतात, म्हणून तो बिचारा वाडीपासून लांब एकटा उभा असायचा. आज त्याची एक फांदी मोडून लोंबत होती. शेवग्याची फांदी फार ठिसूळ. कुणाची तरी शेळी लटकली असणार.

"अरेरे," केरू म्हणाला. "तुलापण बरं नाही का रे?"

त्याने मागचापुढचा विचार केला नाही. सगळ्यात लांब, सगळ्यात मऊ पट्टी उचलली, फांदी वर धरली आणि पट्टी गरागरा गुंडाळून गाठ मारली. आई ओरडणार हे त्याला गाठ मारल्यावर आठवलं.

तेवढ्यात फांदीवरच्या पांढऱ्या फुलांचा घोस हलला. घोसातून आधी एक इवलासा पाय आला. पायात दवाच्या थेंबांचे पैंजण. मग पिवळट पांढरा फुलांचा झगा, आणि शेवग्याच्या बियांना असतात तसे कागदासारखे पातळ, झगमगणारे तीन पंख. अंगठ्याएवढी परी! तिच्याभोवती हिरवी सोनेरी धूळ चमचम करत होती.

"माझं दार बांधलंस बाई तू," परी म्हणाली. "सकाळपासून मी लोंबकळत होते."

"मी बाई नाहीये," केरू म्हणाला. "मी केरू."

परी खुदकन हसली. "बरं, केरू. माग एक इच्छा."

केरूने एक क्षणही दवडला नाही. "ठकूताई बरी होऊ दे! आत्ताच्या आत्ता!"

"आत्ताच्या आत्ता माझ्याकडे नसतं," परी मऊ आवाजात म्हणाली. "मोठी इच्छा एकदम दिली तर ती माणसाला सोसत नाही. मी तिचे चिमुकले तुकडे करते. तुमच्या फळीवर लाल गोळ्या आहेत ना? बघ."

तिने ओंजळीत फुंकर मारली. हिरव्या सोनेरी ठिणग्यांची एक झुळूक उठली आणि वाडीकडे भिरभिरत गेली.

"आता प्रत्येक गोळीत एक इच्छा आहे. पण नियम नीट ऐक. पहिला नियम, दिवसाला एकच. दुसरा नियम, एकही दिवस चुकवायचा नाही. आणि तिसरा नियम..."

पण केरू होता कुठे? तो केव्हाच धूम ठोकून अर्ध्या वाटेवर पोचला होता. पट्ट्यांचा भारा ओढ्यातच राहिला.

"ठकूताई! परी! गोळी! नव्वद!" केरू दारात धापा टाकत म्हणाला.

"केऱ्या, घराला आग लागली का?" आई म्हणाली.

"तुला परी भेटली?" ठकूताई भिंतीला टेकूनच म्हणाली. "मला काल राजपुत्र भेटला. म्हणाला, केरू नाक पुसत नाही, म्हणून मी घरी येत नाही."

"ताई, घे ना गोळी! त्यात इच्छा आहे!"

"खिळ्याची चव आहे."

मग केरूला एक युक्ती सुचली. त्याच्या वाट्याचा चहा अजून वाटीत होता. गरम, गोड. रात्रीपर्यंत त्याला दुसरं काही मिळणार नव्हतं. त्याने वाटी ठकूताईपुढे सरकवली. "जेवलीस की एक घोट चहा, मग गोळी, मग सगळा चहा. खिळा लागणारच नाही. रोज माझा चहा तुला."

ठकूताईने त्याच्याकडे बघितलं. मग त्या दुपारी तिने गोळी घेतली. दुसऱ्या दिवशीही घेतली. केरू रोज एक दिवस मोजायचा आणि रोज आपला चहा तिला द्यायचा. पोटात कावळे ओरडायचे, पण तो खूश होता.

तीस दिवस झाले. शालनताई आल्या. त्यांनी पापणी ओढली. पापणी अजून पांढरीच होती.

"गोळ्या घेते का रे ही?" त्यांनी विचारलं.

"रोज!" केरू ओरडला. आणि कुणाला काही कळायच्या आत तो घराबाहेर पडला. ओढ्यावर जाऊन त्याने शेवग्याच्या बुंध्यावर दोन्ही मुठी आपटल्या.

"खोटारडी! ये बाहेर! तू खोटी, तुझ्या इच्छा खोट्या! माझी ताई तशीच आहे!"

फुलांचा घोस हलला. परी गाल फुगवून बाहेर आली.

"पळपुट्या! तिसरा नियम ऐकायला कोण थांबलं होतं? मी फुलांना नियम सांगत बसले."

केरूच्या डोळ्यांतलं पाणी नाकावरून ओघळलं. "कुठला तिसरा नियम?"

परी उडत त्याच्या मनगटावर येऊन बसली. "गोळीच्या आगेमागे दोन दोन तास चहा नाही. चहा गोळीतल्या लोहाला धरून ठेवतो. रक्तापर्यंत जाऊच देत नाही."

"पण..." केरू म्हणाला. "चहा तर मीच दिला. माझा चहा. रोज दिला."

"माहीत आहे मला," परी म्हणाली. "रोज उपाशी राहून दिलास. म्हणून तर तुझ्या शिव्या ऐकून घेतल्या."

"सगळ्या इच्छा वाया गेल्या?"

"तीस गेल्यातच जमा. साठ आहेत."

"मग आजपासून रोज दोन देतो! तीन देतो! सगळ्या आजच देतो!"

परीभोवतीची चमचम एकदम विझली. तिचा चेहरा एवढा गंभीर झाला की केरूने मनगटसुद्धा हलवलं नाही.

"कधीच नाही. एक गोळी औषध आहे. एकदम खूप घेतल्या तर ते विष होतं, केरू. किती घ्यायच्या ते शालनताई ठरवतील, तू नाही, मी नाही. टोपली विणताना सगळ्या पट्ट्या एकदम कोंबल्या तर काय होतं?"

"तुटतात."

"मग?"

केरूने नाक पुसलं. "एकेक."

"एकेक," परी म्हणाली, आणि पुन्हा लुकलुकायला लागली. "आता माझी पानं ने. ही इवली इवली, नाण्यांसारखी. रोज मूठभर भाजीत घाला, त्यांच्यातही लोह आहे. वर लिंबू पिळा. चहा अडवतो, लिंबू हात धरून आत नेतं. आणि ताईला सकाळच्या कोवळ्या उन्हात बसव. ऊन फुकट असतं, तरी लोक घेत नाहीत."

या खेपेला केरू थांबला. "चौथा नियम आहे का?" त्याने विचारलं.

"आहे. चपला घालून फिर. मातीतले जंत तळव्यातून शिरतात आणि रक्त पितात. ताईलाही सांग."

घरी शालनताई अजून बसल्या होत्या. केरूने चहाचं सगळं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! मी पाण्याबरोबर म्हटलं, पण चहा नको हे सांगायलाच विसरले. तुला कुणी सांगितलं रे?"

"शेवग्याने," केरू म्हणाला. शालनताई हसल्या. ठकूताई हसली नाही. ती केरूकडे बघत राहिली. आपला चहा देऊन हा पोरगा महिनाभर उपाशी राहत होता ते तिला आत्ता कळलं होतं.

"आण ती गोळी," ती म्हणाली. "पाण्याबरोबर. खिळा तर खिळा."

शेजारच्या काकूंनी एका सुपाच्या बदल्यात लिंबं दिली. शेवग्याची पानं फुकट होती. आईने कांदा घालून हिरवीगार भाजी केली, आणि भाकरीबरोबर ती पोटात गेली की चहा मागायची कुणाला आठवणही व्हायची नाही. ठकूताई सकाळी अंगणात उन्हात बसून विणू लागली. पायांत आईच्या चपला, दोन बोटं मोठ्या.

आणि मग आली गंगूमावशी. गंगूमावशी म्हणजे आईची थोरली बहीण. तिने स्वतः चहा करून दिला आणि कुणी नको म्हटलं, तर ती सहा महिने बोलायची नाही. नेमकं दुपारच्या जेवणानंतर ठकूताईने गोळी घेतली आणि मावशीने चुलीवर आधण ठेवलं.

"दूध घालून केलाय. आलं घालून केलाय," मावशी वाट्या भरत म्हणाली. "ठकू, पी गरम गरम. अंगात ताकद येते."

"मावशी, मला आत्ता नको..."

"नको? माझा चहा नको?" मावशीच्या भुवया वर गेल्या. "सात कोस चालत आले मी!"

आई घाबरली. ठकूताईचा हात वाटीकडे गेला. साठातली एक इच्छा आता बुडणार! केरूने झडप घातली. ठकूताईची वाटी घटाघट, मग स्वतःची घटाघट, मग आईचीही घटाघट. जीभ पोळली. डोळ्यांतून पाणी आलं.

"मावशी, असा चहा वाडीत कुणाला येत नाही. अजून आहे?"

मावशीने आ वासला. मग ती गदागदा हसायला लागली. "मेल्या, ठेवलास का कुणाला! बघा गं, माझ्या चहासाठी पोरं भांडतात!" जाताना तिने सगळ्या वाडीला हे सांगितलं.

दिवसामागून दिवस गेले. कुठल्याही एका दिवशी काही झालं नाही. पण एका सकाळी केरूला ठकूताईची नखं कण्हेरीच्या फुलासारखी फिकट गुलाबी दिसली. मग ओठांवर रंग आला. मग एकदा तिची बोटं पट्ट्यांवर टिपटिप उड्या मारत होती आणि ती स्वतःशीच गुणगुणत होती,

"केरूची जीभ पोळली गं,
मावशीची कळी खुलली गं..."

आई चुलीपाशी होती. तिने हातातलं भांडं दाणकन आपटलं, आणि कितीतरी दिवसांनी त्या घरात भांड्याचा आवाज झाला.

पुढच्या फेरीला शालनताईंनी पुन्हा पापणी ओढली. आतून डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल! "आता थोड्या गोळ्या अजून देते, अंगातला लोहाचा साठा भरायला," त्या म्हणाल्या. "पण पोरीने मैदान मारलं."

साठातली शेवटची गोळी घेतली त्याच्या दुसऱ्या दिवशी दोघं ओढ्यावर गेली. ठकूताई स्वतःच्या पायांनी चालत गेली. केरूने फडक्यात भाकरी आणि शेवग्याची भाजी बांधून घेतली होती.

ठकूताई पाण्यात पाय सोडून बसली आणि केरू झाडाखाली गेला. परी शेंड्यावर उभी होती. आज ती दिव्याच्या ज्योतीसारखी उजळली होती.

"माझ्या इच्छा संपल्या," ती म्हणाली.

"मग ताई परत आजारी पडली तर?" केरूचा आवाज बारीक झाला.

"मला जेवढं येत होतं तेवढं मी दिलं. आता पानं आहेत, लिंबू आहे, ऊन आहे, शालनताई आहेत. आणि तू आहेस, थांबून ऐकणारा. तू परत आलास आणि सगळे नियम ऐकलेस, म्हणून तुला एक बक्षीस आहे. एकच, आणि हे मात्र आत्ताच्या आत्ता. माग."

केरूने तोंड उघडलं. पतंग? नवी चड्डी? सायकल? तिकडे ठकूताई पायांनी पाणी उडवत मोठ्याने गात होती.

"हवंय मला खूप," केरू म्हणाला, "पण आत्ता काही आठवत नाही."

परी हसली. हसताना तिचे पंख उजळले, मग झगा, मग सगळी फुलं, आणि अख्खा शेवगा सोन्याच्या धुळीने भरून गेला. तो उजेड वर वर गेला, इतका लख्ख की केरूला डोळे मिटावे लागले. उघडले तेव्हा नुसतं ऊन होतं आणि पांढरी फुलं टपटप गळत होती.

"केवढं चमकलं रे!" ठकूताई ओरडली. मग म्हणाली, "केऱ्या, मला भूक लागली."

केरूने फडकं सोडलं. ठकूताईने आपली भाकरी खाल्ली. मग हात लांब करून केरूची ओढली आणि तीही खायला लागली. भाजी बोटांनी निपटली. केरू नुसता बघत होता. शेवटचा तुकडा उरला तेव्हा तिला केरू आठवला.

"तुला?"

"तूच खा," केरू म्हणाला.

तिने खाल्ला.