कुबलांनी गिळलेलं कवच

आईशप्पथ, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. म्हणजे मी स्वतः तिथे नव्हतो, आणि ज्याने सांगितली त्याच्यावर त्याची आईसुद्धा विश्वास ठेवत नाही. तेवढं सोडलं तर खरी.

"आणि मग तू ते गिळलंस?" कासवबाबांनी विचारलं.

"चुकून," निनाद कुबल म्हणाला.

बाबा समुद्रातल्या एका सपाट खडकावर बसायचे. ओहोटीला तिथे चालत जाता यायचं. कासवबाबा हे नाव पडलं, कारण प्रश्न विचारला की उत्तर यायला कधीकधी अख्खी ओहोटी जायची.

निनाद खोल समुद्राच्या तळाचा गाळ तपासायचा. शिकलेला माणूस. हे तो कुणाला विसरू द्यायचा नाही. त्या गाळात एका पेशीच्या जिवांची कवचं सापडतात, रव्याच्या कणाएवढी. लाखो वर्षं ते जीव काळोखात, गारठ्यात निवांत राहिले. मग जगाची हवा बदलली, समुद्र आणखी गारठला, आणि त्यातल्या कितीतरी प्रजाती कायमच्या गेल्या.

"त्यातल्याच एका प्रजातीचं कवच मिळालं होतं, बाबा. कुणी कधीच न पाहिलेल्या. एकच."

"फोटो?"

"काढणारच होतो."

ही कवचं बारीक कुंचल्याने उचलतात. कुंचला ओला लागतो, म्हणून या कामातली माणसं तो पटकन जिभेला लावतात. पाण्याची वाटी शेजारीच असते. तरी जिभेलाच. निनादने कवच उचललं, नाव काय द्यायचं या विचारात हरवला, आणि सवयीने कुंचला पुन्हा जिभेला लावला.

"काय नाव देणार होतास?"

"स्वतःचं द्यायची पद्धत नाही. बरं दिसत नाही. म्हणून भावाचं आडनाव द्यायचं ठरवलं होतं."

"भावाचं आडनाव काय?"

"कुबल."

बाबांनी मान डोलावली.

"परत मिळेल का हो?"

"आंबट ढेकर येतात?"

"येतात."

"मग गेलं विरघळून. चुनाच तो."

निनादने पोटावर हात ठेवला. "आता मी सांगून कोण ऐकणार? अशी प्रजाती होती, हे अख्ख्या जगात मला एकट्याला माहीत."

…

बाबा हळूहळू सरकत जवळ आले आणि त्यांनी निनादच्या पोटाला कान लावला.

निनादने डोळे मिटले. आणि खडक कुठे गेला कुणास ठाऊक, निनाद पाण्यात खाली जायला लागला. निळं संपलं, मग करडं, मग काहीच नाही. वरून कवचं पडत होती, कुणीतरी खूप उंचावर बसून पीठ चाळत असल्यासारखी. आवाज न करता त्याच्या खांद्यांवर, पापण्यांवर बसत होती. त्याला कुणी हाक मारत नव्हतं. बरं वाटत होतं. मग चाळणं विरळ होत गेलं. मग थांबलं. तो वर तोंड करून वाट बघत राहिला…

"काय ऐकू आलं?" त्याने डोळे न उघडताच विचारलं.

"भूक."

"सकाळपासून काही खाल्लं नाही."

"ते कवच सोडून."

"ते काल."

बाबा पुन्हा ताठ बसले. "ते जीव कशाने गेले रे?"

"नक्की कुणालाच माहीत नाही. वरचं पाणी बदललं, तसं वरून झिरपणारं खाणं बदललं असेल. उपासमार असावी."

"तुझ्या आडनावाशिवाय किती जगले?"

"लाखो वर्षं."

"अडलं काही?"



…

पाणी खडकाच्या कडेला लागलं होतं. बाबांनी हात पुढे केला.

"दक्षिणा."

निनादने घाईघाईने पाकीट काढलं.

"ते राहू दे. आडनाव दे."

निनादने पाकीट परत खिशात ठेवलं. "ते दिलं तर माझ्याकडे काय उरेल, बाबा?"

"भूक उरेल की. काढ लवकर, पाणी चढतंय."