कोणतं ‘बरं’?

भिवराचा रेडिओ जप्त झाला, आणि जप्त करणाऱ्या शिपायानं तो उलटा धरून थेट दरबारात आणला. मागोमाग भिवराही आली.

भिवरा म्हणजे डोणवाडीच्या नावाड्याची लेक. धरणाचं पाणी सुटलं की खाली नदीतल्या होड्यांना पत्ता लागत नसे. एकदा भरलेली होडी उलटता उलटता वाचली, तेव्हा तिनं मोडक्यातोडक्या सामानातून बोलायचा रेडिओ जुळवला. धरणावरचा चौकीदार आपल्या रेडिओवरून हाक देई आणि ती होड्या माघारी बोलवी. पण परवाना नव्हता! सोनखेड संस्थानात मोर्स, म्हणजे तारेची ती कट्ट-कडकट्ट भाषा, आल्याशिवाय परवाना मिळत नसे.

नियम खुद्द दौलतराव महाराजांचा. त्यांना मोर्सचं भारी वेड. जेवताना मीठसुद्धा ते ताटावर वाटी आपटून मागत. आचारी लोणचं वाढी. महाराज ते मुकाट खात.

“नुसतं बोलणं काय, कुणालाही येतं!” महाराज म्हणाले. “आधी मोर्स शीक!”

“सरकार, बुडणारा माणूस ओरडतो. कट्ट-कडकट्ट करत नाही!”

दरबार हसला. महाराज हसले नाहीत.

“फार तिखट जीभ आहे! मोर्समधून जाणार नाही असा एक तरी निरोप दाखव. दाखवलास तर परवाना. नाहीतर हा डबा नदीत!”

भिवरा विचार करू लागली. शब्द म्हटला की तो वाजवता येणारच. मग नेमकं काय वाजवता येत नाही? तिनं क्षणभर डोळे मिटले, आणि विचारलं, “राणीसाहेब कुठं असतात?”

“डोंगरावरच्या बंगल्यात. त्यांनाही आम्हीच मोर्स शिकवलंय!”

“मग त्यांना विचारा, आठ दिवस शिकारीला जाऊ का?”

महाराजांनी दरबारातल्या आपल्या रेडिओवर ऐटीत कट्ट-कडकट्ट केलं. पलीकडून लगेच उत्तर वाजलं. ब, र, वर अनुस्वार. अनुस्वाराची खूण महाराजांनी स्वतः बसवली होती.

“बरं!” महाराजांनी मिशीला पीळ भरला. “गेला निरोप, आलं उत्तर. परवानगी मिळाली! बुडवा तो डबा!”

“थांबा सरकार! कोणतं ‘बरं’?”

“कोणतं म्हणजे? बरं म्हणजे बरं!”

“मग एकदा तोंडानं विचारून बघा की!”

महाराजांनी त्याच रेडिओचं बोलायचं बटण दाबलं. “राणीसाहेब, आम्ही शिकारीला जातोय हं!”

“बरं!!” पलीकडून राणीसाहेबांचा आवाज कडाडला.

शिपाई आपापले जोडे न्याहाळू लागले. दिवाणजींना खोकला आला. महाराज हळूच म्हणाले, “दिवाणजी, घोड्यांची खोगिरं उतरवा.”

मग महाराजांनी विचारलं, “पोरी, तू राणीसाहेबांना कधी पाहिलंयस?”

“नाही सरकार.”

“मग त्यांचं ‘बरं’ तुला कसं कळलं?”

“राणीसाहेबांना नाही पाहिलं सरकार, पण काठावरून आलेलं आमच्या आईचं ‘बरं’ ऐकून बाबांना भर नदीतून होडी वळवताना रोज पाहते!”

महाराज इतके हसले की पगडी मांडीवर आली. त्यांनी भिवराला तिथल्या तिथं परवाना दिला, मोर्सची अट काढून टाकली, आणि रेडिओच्या तारेसाठी वाड्यावरचा सर्वांत उंच झेंड्याचा खांब उपटून डोणवाडीला धाडला.