उघडलेल्या ईमेलची संमती

त्या दिवशी वारा बेताचा होता आणि ऊन चांगलं कडक होतं. जवळा सुकायला असाच दिवस लागतो. दुपारी आमच्या मच्छीमार संस्थेची सभा भरली. चेअरमन जनार्दन तांडेलांना जवळा सुकवायचं खळं एका हॉटेलवाल्याला द्यायचं होतं.

चेअरमन म्हणाले, "सगळ्या सभासदांना ईमेल पाठवला. एकही परत आला नाही. मशीन सांगतंय, सगळ्यांनी उघडलाय, आणि 'हरकत आहे' या बटणावर कुणी बोट लावलेलं नाही. म्हणजे सगळ्यांची संमती!"

खळं गेलं तर बायकांनी जवळा सुकवायचा कुठं आणि खायचं काय? तेव्हा त्यांच्यातली हंसाबाई वैती सावकाश उठली.

"साहेब, सोमवारी मीबी तुम्हाला ईमेल धाडला. त्याच मशीनवरून, हापिसातल्या प्रणिताकडून. उघडलात का?"

प्रणिताने पडद्यावर बघून सांगितलं, "साहेबांनी उघडलाय."

"त्यात लिवलंय, खळं कायम बायकांकडं राहील, हरकत असेल तर बटण दाबा. तुम्ही दाबलं नाय. म्हणजे तुमची संमती."

चेअरमन उसळले, "अगं बाई, रोज ढिगाने ईमेल येतात! उघडला, पण वाचला कुठे?"

"आमचंबी तसंच झालं, साहेब."

सभा खो खो हसली. मग चेअरमनांना हात वर करून मतं घ्यावीच लागली, आणि खळं राहिलं.

घरी येताना शेजारचा बुधाजी मला म्हणाला, "दादा, मी तर तो ईमेल सारखा उघडत होतो. वर चेअरमनांचा फोटो आहे ना, तो दाखवला की नातू गपगुमान घास गिळतो."