बुंधा दिसेपर्यंत

फार जुनी गोष्ट. तेव्हा ढग घाटातल्या झाडांवरच मुक्कामाला यायचे. म्हणून उडत्या खारींचा एकच नियम होता: समोरच्या झाडाचा बुंधा दिसेपर्यंत उडी घ्यायची नाही.

एका सांजेला भिरीची पिल्लं पलीकडच्या ढोलीत भुकेनं ओरडत होती आणि मध्ये ढग ठाण मांडून बसला होता. भिरीनं उडीसाठी अंग ताणलं, तोच म्हाताऱ्या आजीनं तिची शेपटी दातांत धरली.

"सोड आजी! हा मेला नियम केला तरी कुणी?"

आजीनं शेपटी सोडली. "मीच केला. माझ्या लेकीनं अशाच ढगात उडी घेतली, त्यानंतर. तेव्हा पलीकडे तू ओरडत होतीस."

भिरीनं ताणलेलं अंग आवरून घेतलं. मग ढग उठेपर्यंत ती तिथूनच हाका देत राहिली, "आहे रे बाळांनो, आई आहे!"