सिरोंच्याची बदली

शिक्षिका कुसुम मडावी साताऱ्याकडच्या एका गावात मतदान केंद्राध्यक्ष होत्या. दुपारी माजी सभापती बाजीराव खराडे दहा माणसं घेऊन आत घुसले.

"बाई, माझ्या माणसांना पुन्हा मतदान करू द्या. नाहीतर बदली करून थेट गडचिरोलीत, सिरोंच्याला फेकीन."

बाईंना नदीकाठचं घर आणि दारात बसलेली आई आठवली. डोळे भरून आले.

"साहेब, माझं गाव सिरोंचाच. नऊ वर्षं अर्ज करतेय. तुमच्या शब्दाला वजन असेल, तर आत्ता बोललात तेच लिहून द्या."

माणसांदेखत माघार कशी घ्यायची? खराड्यांनी शब्दन् शब्द लिहून ऐटीत सही ठोकली.

बाईंनी कागद दारावरच्या हवालदाराच्या हाती दिला. "निवडणूक कर्मचाऱ्याला धमकी, सहीनिशी. गुन्हा नोंदवा."

खराड्यांना घेऊन पोलिसांची जीप दिसेनाशी झाली, तेव्हा ही धमकी तेवढी खरी व्हायला हवी होती, असं बाईंना वाटून गेलं.