कुंभारणीची पाखरे

पूर्वी, चंपानगरीत दृढवर्मा राजा राज्य करीत होता त्या काळी, बोधिसत्त्वाने नगराबाहेरच्या कुंभारवाड्यात जन्म घेतला होता. त्याचे नाव भद्रक. हात इतका साफ, की त्याचे मडके वाजवून घेण्याची कुणाला गरज वाटत नसे. पण सुखाला दृष्ट लागायला वेळ लागत नाही. त्याची एकुलती एक लेक तापाने गेली आणि बायको नंदा मुकी झाली. ती माती मळायची, चूल पेटवायची, पण बोलायची नाही. असे वर्ष गेले. तिचा आवाज कसा होता हे आपण विसरणार, याची भद्रकाला भीती वाटू लागली.

एके सकाळी त्याने भट्टीत वाकडा झालेला एक परळ परसात टाकला. परळ म्हणजे मातीचे उथळ, पसरट भांडे. त्यात पावसाचे पाणी साचले. एक होला, कबुतरासारखे करडे पाखरू, पाण्यावर उतरला, आणि नंदाच्या तोंडून शब्द आला, "घाबरू नकोस, पी."

भद्रक चाक तसेच फिरते सोडून बाहेर आला. त्या दिवसापासून त्याने परस पाखरांच्या स्वाधीन केला. मांजरे येऊ नयेत म्हणून कडेने करवंदीचे कुंपण घातले. पिल्ले बुडू नयेत म्हणून परळाच्या मध्ये दगड ठेवला. पडलेला ओंडका उचलला नाही, कारण त्यात किडे होत आणि किड्यांमागे सातभाई येत. नंदा राळ्याचे दाणे टाकी, काटकीने परळाच्या काठावर टकटक करी आणि म्हणे, "या गं सयांनो, या." होले, साळुंक्या, लावे तिच्या मांडीपर्यंत येत. एका होलीचे, होल्याच्या मादीचे, एक बोट तुटलेले होते. ती तर तिच्या तळहातावर बसे. नंदा पाखरांशी बोलता बोलता नवऱ्याशीही बोलू लागली. भद्रकाला घर परत मिळाले.

मग नदीपलीकडचा कोरंड नावाचा माणूस आला. कुंपणापाशी उभा राहून तो बराच वेळ बघत होता.

"दादा, माझ्या आवारातही पाखरं यावीत असं वाटतं," तो म्हणाला. "कसं करता हे?"

आपला आनंद दुसऱ्याला हवासा वाटावा, याहून गोड गोष्ट कोणती? भद्रकाने त्याला तसाच एक परळ दिला. कोणते दाणे टाकायचे, किती स्थिर बसायचे, काठावर कुठे टकटक करायची, सगळे समजावून सांगितले. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या कशा द्याव्यात, हे त्या भल्या माणसाकडून शिकावे.

पुढच्या बाजाराला भद्रक मडकी घेऊन गेला. कोरंड तिथे बसला होता. त्याच्या कावडीला पाखरे पायांनी बांधून उलटी टांगली होती. त्यात ती बोट तुटलेली होली होती.

"तू पारधी आहेस?"

"बापापासून," कोरंड म्हणाला. त्याच्या आवाजात लाज नव्हती आणि मग्रुरीही नव्हती. "माझ्याही घरी चूल आहे, दादा. पूर्वी दिवस दिवस जाळं लावून बसायचो. तुमची पाखरं माणसाला भीतच नाहीत. टकटक केली की स्वतःहून येतात."

"माझा परळ परत दे."

"घ्या की. मी फुटक्या खापरावर वाजवीन."

भद्रकाने घरी येऊन दाणे टाकणे थांबवले, तर भुकेली पाखरे आणखीच लवकर नदीपलीकडे गेली. तीन दिवस त्याने विचार केला. पाखरांना काही सांगता येत नाही. त्यांना फक्त शिकवता येते, आणि विश्वास आपण शिकवला होता. आता त्याच टकटकीवर भीती शिकवायला हवी होती.

सकाळी त्याने परळावर काटकी वाजवली. पाखरे उतरली. त्याने ढेकळे फेकली. पाखरे उडाली, आणि थोड्या वेळाने नंदा बाहेर येताच तिच्याभोवती जमली. असे चार दिवस चालले. पाखरे भद्रकाला भिऊ लागली, टकटकीला नाही. तेव्हा त्याला कळले की हे काम आपल्या हातून होणार नाही. ज्या हातावर पाखरांचा जीव होता, त्याच हाताने ते व्हायला हवे होते.

हे तिला सांगितले तर ती पुन्हा मुकी होईल, हे त्याला ठाऊक होते. न सांगता राहिले असते तर बायको बोलती राहिली असती, आणि पाखरे रोज थोडी थोडी कावडीवर गेली असती. तो तिच्याजवळ जाऊन बसला आणि त्याने होलीची हकीकत सांगितली. मग काय करायचे ते सांगितले.

"त्यांनी माझं काय वाईट केलंय?" नंदा म्हणाली. "एक गेली ती गेली. आता यांना मीच मारू?"

"मारू नकोस. भिववून सोड."

"ती मला आई समजतात हो."

"म्हणूनच गं," भद्रक म्हणाला, आणि त्याने काटकी तिच्यापुढे ठेवली.

नंदाने काटकी उचलली. टकटक केली, पण साद घातली नाही. पाखरे आली, तिच्या गुडघ्यावर चढली. तिने डोळे मिटून ढेकूळ मारले. एका साळुंकीच्या पंखाला ते लागले. ती किंचाळून कुंपणापलीकडे गेली. नंदाने दुसरे मारले, तिसरे मारले. सात दिवस ती रोज टकटक करी आणि रोज मारी. आठव्या दिवशी टकटक होताच सगळा परस एकदम उडाला, आणि पुन्हा कुणी उतरले नाही.

त्या सकाळी नदीपलीकडून कोरंडाची टकटक बराच वेळ ऐकू येत होती. मग ती थांबली.

"आता ती जगतील ना?" नंदाने विचारले.

"जगतील."

त्यानंतर ती बोलली नाही. भद्रक तिच्या शेजारी बसून मडकी घडवीत राहिला. म्हातारपणी त्याने डोळे मिटले तेव्हाही ती त्याचा हात धरून गप्पच बसली होती.

शास्त्यांनी, भिक्षूंच्या गुरूंनी, ही कथा सभेत संपवली. ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा पारधी म्हणजे आजचा भिक्षू उत्तिय. त्यानेही पुढे जाळे टाकून दिले, म्हणून तो आज इथे आहे. भद्रक कुंभार मी होतो. नंदा म्हणजे ती मागे बसलेली भिक्षुणी सुमना. लोक त्या जन्मातले पुण्य माझ्या नावावर मांडतात. मी केवळ सांगितले. केले तिने."

सुमनेने मान खाली घातली.

"ज्याच्यावर माया आहे त्याने आपल्याला वैरी समजावे, पण जगावे," शास्ते म्हणाले, "याला मैत्री म्हणतात."